पांढऱ्या मुळीत राहतंय कोण?

एप्रिल छाटणीनंतर तासगावला मामांच्या द्राक्षबागेत गेलो होतो, तर मामा वेलीच्या बुडात उकिडवे बसून खुरप्याने माती सारत होते, पांढरी मुळी चालली का बघायला. मुळी चालली होती, पण मामांचा मूड काही बरा नव्हता. दुकानदाराने गळ्यात मारलेला मायकोरायझा, म्हणजे मुळीत राहून झाडाला मदत करणारी बुरशी, ड्रिपमधून सोडून महिना झाला आणि फरक शून्य. "बुरशी मारायला औषध आणायचं आन् बुरशी सोडायला बी औषधच आणायचं, ह्ये काय गणित हाय सांग बरं?"

मी बॉटनीवाला, त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याच अंगावर येतात. सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून चिमूटभर मुळ्या आणि दोन पिशव्या माती घेतली, एक बागेतली आणि एक बांधावरची, आणि सांगलीला मित्राच्या लॅबमध्ये गेलो, मामांनाही बळंच सोबत नेलं.

मुळ्या कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळल्या की रंग जाऊन काचेसारख्या होतात, मग व्हिनेगरमध्ये पेनाची शाई टाकून त्यात बुडवायच्या. मुळी शाई सोडून देते, बुरशी धरून ठेवते. मामांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ओरडलेच, "आरं, ह्यात तर झाडं हायत!" खरंच असतात. मुळीच्या एकेका पेशीत बुरशी शिरून फांद्या फुटत फुटत इवलंसं निळं झाड होतं, त्याला अर्बस्क्यूल म्हणतात, आणि ते जेमतेम काही दिवस टिकतं, मग पेशी ते जिरवून टाकते आणि शेजारी नवीन उगवतं. सगळी देवाणघेवाण इथेच होते, बुरशी स्फुरद (फॉस्फरस) देते आणि झाड साखर आणि चरबी देतं. स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या दगडात ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींमध्ये हीच झाडं सापडलीत, आणि तेव्हा त्या वनस्पतींना धड मुळंसुद्धा नव्हती.

स्फुरदच का, तर तो जागचा हलत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळीपाशी येतो, स्फुरद आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात मातीला चिकटून बसतो. मुळी आजूबाजूचा एक-दोन मिलिमीटरचा खाऊन संपवते आणि मग उपाशी. बुरशीचा धागा मुळीच्या केसाहूनही बारीक, तो कित्येक सेंटिमीटर लांब जातो आणि तिथला स्फुरद ओढून आणतो. तो काही जादूने स्फुरद तयार करत नाही, फक्त लांबून गोळा करतो, आणि या हमालीपोटी झाड आपल्या पानांत बनलेल्या साखरेतला साधारण ४ ते २० टक्के वाटा मोजतं.

म्हणूनच मामांना पहिला प्रश्न विचारला, डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, किती टाकलं? उत्तर ऐकून मित्रानेच कपाळावर हात मारला. झाडाला स्फुरद कमी पडला तरच मुळी एक रसायन सोडून बुरशीला हाक मारते, पोट भरलेलं असेल तर गडी कशाला बोलवेल? या रसायनाचं नाव स्ट्रिगोलॅक्टोन, आणि यात गंमत अशी की हे नाव आलंय स्ट्रिगावरून, म्हणजे आपल्या ज्वारीतला टारफुला. टारफुल्याचं बी ही हाक चोरून ऐकतं आणि मुळी जवळ आली हे ओळखून उगवतं. शास्त्रज्ञांना आधी १९६६ मध्ये टारफुल्याचा भाग कळला, बुरशीचा भाग थेट २००५ मध्ये.

मग माती. बादलीत पाण्यात ढवळून बारीक चाळण्यांतून गाळली की वर बुरशीचे बीजाणू राहतात. बांधावरच्या मातीत मधाच्या रंगाचे, दुधी, तांबूस, काळपट असे मणीच मणी, बागेच्या मातीत मोजके, तेही बहुतेक एकाच रंगाचे. एका मण्यात शेकडो केंद्रकं असतात, त्यामुळे बाहेरून सारखे दिसणारे दोन मणी आतून सारखे असतीलच असं नाही. या गटाच्या जेमतेम तीनेकशे जातींना नावं मिळालीत, पण जगातल्या ७० टक्क्यांच्या आसपास वनस्पती त्यांच्यावर विसंबून आहेत. याउलट हिमालयातल्या पाईनच्या मुळांवर बाहेरून मोजे घातल्यासारखी बसणारी बुरशी, तिच्या जाती हजारोंनी, २० हजारांपर्यंत अंदाज जातो, पण तिची गिऱ्हाईकं दोनेक टक्के वनस्पतीच. या सगळ्या बुरशींना 'मायकोरायझा' या एकाच नावाच्या पाकिटात भरणं म्हणूनच मला पटत नाही.

आणि साताऱ्याच्या कास पठारावर तिसराच संसार. तिथल्या आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, बी पिठासारखं, आत शिदोरीच नाही, योग्य बुरशी भेटली तरच कोंब निघतो. ही बुरशी कोण, तर भाजीची रोपं मारणाऱ्या रायझोक्टोनियाची भावकी! (झाडं एकमेकांना बुरशीच्या वायरीतून निरोप पाठवतात वगैरे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते जरा दमानं घ्या, जंगलातला पुरावा अजून पातळ आहे.)

पाकीट खोटंच असतं असं नाही. ही बुरशी जिवंत मुळीशिवाय वाढतच नाही म्हणून दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेने ती गाजराच्या मुळांवर वाढवायचं तंत्र बसवलंय, आणि निर्जंतुक मातीत वाढवलेल्या रोपांना फायदा होतो. पण बांधावर एवढे मणी असताना रोटर मारून धागे तोडायचे, वर डीएपी ओतायचं आणि मग एक-दोन जातींचं पाकीट आणायचं, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा.

परत येताना मामांच्या फ्लॉवरचा तुकडा लागला. मी सहज बोललो की फ्लॉवर, कोबी, मोहरी, पालक, बीट ही मंडळी या बुरशीला दारातही उभं करत नाहीत. मामांनी गाडीच थांबवली. "म्हंजी फ्लॉवर काढून मका टाकला की पानं जांभळी पडत्यात, ती त्यापायी व्हय?" जांभळं पान म्हणजे स्फुरदाची उपासमार हे खरं, पण थंडीनेही पानं जांभळी पडतात आणि फ्लॉवर निघतो तो नेमका थंडीत, त्यामुळे मला छातीठोक सांगता येईना.

"मग औंदा मधी चार सऱ्या कांद्याची पात लावतो," मामा म्हणाले. "कांद्याला चालती न्हवं ही बुरशी? मागनं मका दोन्हीकडं एकाच दिवशी टाकू. बघू कुठला जांभळा हुतोय."