सेंटरबोर्ड की स्विंग कील? होडीत मुक्कामाची सोय करण्याआधी हे तपासा

पुण्यात राहून शिडाची होडी बाळगायची तर ती ट्रेलरवर चढणारीच हवी. एरवी धरणाच्या पाण्यात, आणि थंडीत ताम्हिणी उतरून दिघी-राजपुरीच्या खाडीत. अशी होडी ट्रेलरवर सपाट बसावी आणि उथळ पाण्यातही चालावी म्हणून तिच्या पोटाखालचं पातं वर घेता येतं. ते एका पिनवर फिरतं आणि होडीच्या मधोमध असलेल्या अरुंद पेटीत जाऊन बसतं. पण या पात्याचे प्रकार दोन आहेत, सेंटरबोर्ड आणि स्विंग कील, आणि दिसायला दोन्ही इतके सारखे की जुनी होडी घेताना विकणाऱ्यालाही नीट सांगता येईलच असं नाही.

सेंटरबोर्डचं काम एकच. वारा बाजूने आला की होडीला आडवं सरकू द्यायचं नाही. ते बहुधा लाकडाचं किंवा फायबरचं, हलकं असतं. होडी उलटू नये हे होडीच्या रुंदीवर आणि तुम्ही कुठे बसता यावर ठरतं. स्विंग कील सरकणं तर थांबवतेच, शिवाय होडीला उभं ठेवणारं वजनही तिच्यातच असतं. इयान प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये रेखाटलेल्या वेफेरर या छोट्या होडीला सेंटरबोर्ड आहे, आणि त्या होडीचा अख्खा सांगाडा साधारण १७० किलोचा. कॅटालिना २२ च्या स्विंग कीलवाल्या होडीत नुसती ओतीव लोखंडाची कीलच २५० किलोच्या आसपास भरते. एका होडीचं पातं दुसऱ्या अख्ख्या होडीहून जड!

ओळखायचं कसं? हाताने दोरी ओढली आणि पातं सहज वर आलं, तर सेंटरबोर्ड. पोलादी वायर असली आणि विंच (वायर गुंडाळायची चरखी) फिरवावा लागला, तर बहुधा स्विंग कील. लोहचुंबकावर विसंबू नका, काही सेंटरबोर्ड पोलादी पत्र्याचे असतात. काही होड्यांत बॅलास्ट, म्हणजे होडीला उभं ठेवणारं वजन, तळाशी कायमचा बसवलेला असतो आणि त्यातून हलकं पातं उतरतं. तिथे पात्यापुरते सेंटरबोर्डचे नियम लावावेत.

मुक्कामाची सोय करायला घेतली की पहिला राग येतो तो पेटीवर. झोपायच्या जागेच्या बरोबर मध्ये ती उभी असते, म्हणून कापून बुटकी करावीशी वाटते. सेंटरबोर्डच्या होडीत हे विचार करण्याजोगं आहे, पण पातं पूर्ण वर घेतल्यावर मावलं पाहिजे आणि सामान-माणसं भरल्यावरही पेटीचं उघडं तोंड पाण्याच्या पातळीच्या बऱ्यापैकी वर राहिलं पाहिजे. स्विंग कीलच्या पेटीला मात्र करवत लावू नका, भोकही पाडू नका. ते सगळं लोखंड तिच्या आधाराने लटकतं. तिला तशीच ठेवून दोन्ही बाजूंना काढता-घालता येणाऱ्या फळ्या टाका. पेटीच्या वर टेबल, रात्री त्याच फळ्यांचा पलंग.

दुसरा मोह सामानाचा. सेंटरबोर्डच्या होडीत हवाबंद कप्पे असतात, आणि ते उघडून कपाटं करायची कल्पना मला सर्वांत धोक्याची वाटते. ही होडी कधी ना कधी आडवी होणार, हे धरूनच ती बांधलेली असते, आणि तेव्हा या कप्प्यांतली हवाच तिला तरंगत ठेवते. इंग्रज दर्यावर्दी फ्रँक डाय १९६३ मध्ये वेफेररमधून स्कॉटलंडहून आइसलँडला गेले. पुढच्या वर्षी नॉर्वेच्या वाटेवर वादळात त्यांची होडी उलटली, तरी सरळ करून ते पोचले. कप्प्यात हलकं सामान ठेवा, पण झाकणाचं रबर धड हवं. पाण्याचे कॅन आणि बॅटरी तळाशी, पट्ट्यांनी आवळून.

स्विंग कीलची होडी वजन जास्त पेलते, पण कील खाली असेपर्यंतच. खाडीत नांगर टाकून कील वर घेतली की वजन वर सरकतं, आणि चौघं एका कडेला उभे राहिले तर होडी चांगलीच कलते. दुपारचे खारे वारे जोरात असतात, तेव्हा उघड्या समुद्रात कील खाली लॉक करावी. नाहीतर होडी आडवी झाली की ती परत पेटीत आपटू शकते. उथळ खाडीत लॉक काढावा, म्हणजे वाळूला टेकली तर ती वर सरकेल.

रात्रीची झोप मोडते ती खडखडाटाने. सेंटरबोर्ड पूर्ण वर घेऊन लाकडी पाचर मारली की गप्प बसतं. स्विंग कीलचा ठक-ठक आवाज बहुतेकदा झिजलेल्या पिनचा असतो, आणि तो नुसता त्रास नाही, इशारा आहे. होडी आधारावर ठेवून पिन काढा, माप घ्या, भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधून बुश (पिनभोवतीची नळी) आणि पिन करून घ्या. स्टेनलेस ३१६ मागा; ३०४ खाऱ्या पाण्यात लवकर खराब होतं. विंचची वायरही तेव्हाच बदला.

ऊन अडवायचं कापड, चूल, दिवे यांत दोन्ही होड्यांना फारसा फरक पडत नाही. ओहोटीला चिखलात टेकल्यावर मात्र दोन्हींच्या फटीत खडे अडकतात, तेव्हा निघण्याआधी पातं एकदा खाली-वर करून पाहावं. आणि ट्रेलरवर स्विंग कील वायरवर लटकत ठेवू नका. ताम्हिणीच्या वळणांवर प्रत्येक धक्का त्या वायरला बसतो. कीलचं वजन ट्रेलरच्या आडव्या तुळईवरच टेकलेलं हवं.