कोडमधली मस्करी नेमकी कुठे असते ते बघा

कुडाळात मी कॉलेजच्या पोरांना प्रोग्रामिंग शिकवते आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगते की दुसऱ्याचा कोड वाचताना कुठे मस्करी दिसली तर खुशाल हसा, पण तिथून पुढे पळू नका, बहुतेक वेळा लिहिणारा माणूस तिथेच अडलेला असतो.

अपोलो ११ चं बघा. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या यानाचा कोड आज कुणालाही नेटवर वाचता येतो. इंजिन पेटवणाऱ्या भागाला 'बर्न बेबी बर्न' नाव दिलंय, ते बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मला त्याहून आवडतो तो रडारचा तुकडा. उंची आणि वेग मोजणाऱ्या रडारचा अँटेना जागेवर नसेल तर कॉम्प्युटर अंतराळवीराला ५०० हा कोड दाखवतो आणि त्या ओळीशेजारी कॉमेंट (मशीनसाठी नव्हे, वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप) आहे, 'बाबा रे, ते येडं यंत्र जरा फिरव'. त्याने फिरवलं असं कळवलं की प्रोग्राम परत मागे जाऊन अँटेना तपासतो, आणि तिथे लिहिलंय, 'खोटं तर बोलत नाही ना बघ'. किती मोलाची गोष्ट आहे ही! माणूस हो म्हणाला तरी मशीनने स्वतः खात्री करायची. दुसऱ्या एका जागी 'हे तात्पुरतं असावं, अशी आशा आशा आशा' असं लिहिलंय, आणि त्या ओळी तशाच चंद्रावर गेल्या.

१९७५ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, एक प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) सोडून दुसरी चालू करायच्या कोडवर कॉमेंट होती, 'हे तुम्हाला समजेल अशी अपेक्षा नाही'. लोकांना तो माज वाटला. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक, डेनिस रिचींनी नंतर सांगितलं की 'हे परीक्षेला येणार नाही' अशा अर्थाने ते लिहिलेलं, आणि खरी अडचण म्हणजे आम्हालाही ते पुरतं कळलं नव्हतं. युनिक्स दुसऱ्या मशीनवर नेताना ती पद्धत चालेना, मग सातव्या आवृत्तीत ती नव्याने लिहावी लागली.

कागदपत्रांतली मस्करी मात्र वेगळी, ती चक्क शिकवते. १ एप्रिल १९९० ला इंटरनेटच्या नियमांच्या मालिकेत आरएफसी ११४९ आलं, कबुतराच्या पायाला कागद बांधून डेटा कसा पाठवायचा ते, अगदी सरकारी गांभीर्याने लिहिलेलं. २००१ साली नॉर्वेच्या बर्गनमध्ये काही जणांनी ते खरंच करून बघितलं, ९ पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पाठवली, ४ उत्तरं आली, एकेकाला तासाच्या आसपास ते दीड तासाहून जास्त वेळ लागला. पण चाललं! कारण पॅकेट तारेतून जातंय, टॉवरवरून जातंय की पंखांवरून, याच्याशी इंटरनेट प्रोटोकॉलला, म्हणजे पॅकेट पाठवायच्या नियमांना, काही देणंघेणं नसतं. नेटवर्कचे लेयर, म्हणजे एकमेकांवर रचलेले कामाचे थर, शिकवताना मी हेच आधी सांगते.

त्यावर मालवण बंदराकडच्या एका पोराने विचारलं, "मॅडम, कबुतराच्या जाग्यार ट्रॉलर धाडलो तर चलात काय?" चालेल की. हार्ड डिस्क भरून ट्रॉलर नेलात तर एका फेरीत जाणारा डेटा गावच्या कनेक्शनला महिनोन्महिने जमणार नाही, फक्त पहिलं उत्तर यायला बोट परत येईपर्यंत थांबायला लागेल. बँडविड्थ (ठरावीक वेळात किती डेटा जातो) आणि लेटन्सी (उत्तर यायला किती थांबावं लागतं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते वर्गाला त्या प्रश्नातच कळलं.