बावन्नातून सदतीस गेले, उरले पंचवीस

तिसरी-चौथीच्या वर्गाला ५२ − ३७ ही वजाबाकी घातली की काही मुलांचं उत्तर हमखास २५ येतं. शिक्षक फुली मारतात, शून्य गुण देतात आणि गुणतक्त्यात ही सगळी मुलं एकाच ओळीत जाऊन बसतात. पण २५ पर्यंत पोहोचायच्या वाटा निदान दोन आहेत.

एका मुलाला एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत असं दिसतं, म्हणून तो सरळ ७ मधून २ काढतो. उरले ५. मग दशकाच्या घरात ५ मधून ३ गेले, उरले २. उत्तर २५. शेजारची मुलगी मात्र दशक व्यवस्थित सुटा करते, १२ मधून ७ वजा करते, ५ मांडते. फक्त दशकाच्या घरातल्या ५ चे आता ४ झालेत हे ती विसरते. तिचंही उत्तर २५.

या मुलाला काड्यांचे गठ्ठे हातात द्यायला हवेत. एक गठ्ठा सोडला की दहा सुट्या काड्या मिळतात, हे त्याला अजून उमगलेलंच नाही. मुलीला ते पुरतं कळलंय. तिला हवी आहे दशकावर काट मारून वर ४ लिहायची सवय. तिला पुन्हा गठ्ठ्यांपासून शिकवलं तर ती कंटाळेल. आणि त्या मुलाला नुसतं ‘काट मारायला विसरू नकोस’ म्हटलं तर तो काट मारेलही, पण कशासाठी ते त्याला कळणार नाही.

आता ३७ च्या जागी ३८ घेऊन बघा. पहिल्याचं उत्तर येतं २६, दुसरीचं २४. दोन चुका लख्ख वेगळ्या दिसतात. ३७ मध्ये त्या एकमेकींत मिसळल्या होत्या, कारण १२ मधून ७ गेले तरी ५ उरतात आणि ७ मधून २ गेले तरी ५ च उरतात. एककांमधला फरक ५ असला की हा घोटाळा होतो. प्रश्नातला एक अंक बदलल्याने मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे कळू शकतं, ही मला प्राथमिक शिक्षणातली फार सुंदर गोष्ट वाटते.

मुलांच्या अशा चुका बेशिस्त नसतात. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या चुकांची पद्धतशीर वर्गवारी मांडली आणि दाखवून दिलं की मूल बहुतेक वेळा कुठला तरी नियमच पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. ‘मोठ्यातून लहान काढायचं, वर कोण आहे ते बघायचं नाही’ हा त्यातला अगदी नेहमीचा. म्हणजे चुकीच्या उत्तरात माहिती असते. गुण मोजताना ती पुसली जाते.

आज शाळांमध्ये गुणांचा तुटवडा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाची प्रगती वर्षभर तपासत राहायची पद्धत आली, शिकवतानाचं आकारिक आणि सत्राअखेरीचं संकलित मूल्यमापन आलं, वर्णनात्मक नोंदी आल्या. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाबरोबर पायाभूत चाचण्या आल्या, गुण ‘सरल’ या सरकारी पोर्टलवर भरायचं काम आलं. २०२१ मध्ये पायाभूत वाचन-गणितासाठी निपुण भारत अभियान सुरू झालं. तरीही २०२४ च्या ‘असर’ या देशव्यापी शिक्षण पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या १०० मुलांपैकी जेमतेम २७ मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. मोजणं वाढलं की शिकणं वाढतं, असा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे. तो तपासून पाहिला गेला आहे, आणि तोही आपल्याच देशात.

पहिला प्रयोग आंध्र प्रदेशातला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण भागातल्या १०० प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या. वर्षाच्या सुरुवातीला मुलांची चाचणी झाली, कुणाला काय येतं याचा तपशीलवार अहवाल प्रत्येक शिक्षकाला मिळाला, तो कसा वाचायचा हेही सांगितलं गेलं. वर्षभर निरीक्षक वर्गात येऊन बसायचे. निरीक्षण चालू असताना या शाळांतले शिक्षक इतर शाळांपेक्षा जास्त मन लावून शिकवताना दिसले. वर्षअखेरीच्या चाचणीत मात्र त्यांच्या मुलांत आणि इतर शाळांतल्या मुलांत काहीच फरक निघाला नाही.

दुसरा हरियाणातला, २०१२-१३ चा. महेंद्रगढ आणि कुरुक्षेत्र या दोन जिल्ह्यांतल्या सुमारे ५०० सरकारी शाळांत संशोधकांनी दोन गोष्टी शेजारी-शेजारी तपासल्या. काही शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन नीट प्रशिक्षण देऊन राबवलं. काही प्राथमिक शाळांत रोज एक तास राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता मोडल्या आणि हिंदी वाचनाच्या पातळीनुसार मुलांचे गट केले. मूल्यमापनाच्या शाळांत सुधारणा शून्य. गटांच्या शाळांत हिंदीत प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण किती पसरलेले आहेत याच्या मापाच्या) ०.१५ इतकी वाढ. हा आकडा समजून घ्यायचा तर १०० मुलं गुणांच्या क्रमाने उभी आहेत असं धरा. अगदी मधल्या मुलाने साधारण सहा जणांना मागे टाकलं. चमत्कार नव्हे, पण हे सगळं सरकारी शिक्षकांनी नेहमीच्या शाळेत, शाळेच्याच वेळात घडवलं.

दोन्हीकडे माहिती होती. फरक पडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मूल्यमापनाच्या शाळेत शिक्षकाने नोंदी केल्या, फाइल ठेवली आणि त्याच मुलांसमोर पाठ्यपुस्तकाचं पुढचं पान उघडलं. दुसरं काही करायची मुभा त्याला कुणी दिलीच नव्हती. अभ्यासक्रम संपवायची तारीख डोक्यावर होती. गटांच्या शाळेत नोंद झाली त्या क्षणी मुलाची बसायची जागा बदलली.

पातळीनुसार गट करायची ही पद्धत वाढली ती मुंबईत, ‘प्रथम’ या संस्थेच्या कामातून. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी १९९५ मध्ये या संस्थेची सुरुवात केली. पुढे मुंबई आणि वडोदऱ्यातल्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ आल्या. वस्तीतल्या, थोडंफार शिकलेल्या या तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात या कामाची मोजदाद केली, तेव्हा दुसऱ्या वर्षी प्रमाण विचलनाच्या ०.२८ इतकी वाढ आढळली. याच प्रकारच्या प्रयोगपद्धतीसाठी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘प्रथम’ची चाचणीही बघण्यासारखी आहे. एका कागदावर अक्षरं, शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. मूल शेजारी बसून मोठ्याने वाचतं आणि पाच-सात मिनिटांत ते कुठे अडतं ते कळतं. निकाल गुणांत लिहायचाच नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी एक शब्द लिहायचा. त्या शब्दात उद्या काय करायचं ते आलंच. ४०% गुणांवरून असं काही ठरवता येत नाही.

उलट बाजूचाही एक पुरावा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. अर्जेंटिनातल्या ला रिओखा प्रांतात शाळांना चाचण्यांचे नीट अहवाल दिले आणि तेवढ्यावरही निकाल सुधारले. माझ्या मते तिथल्या शाळांना अहवाल वाचून काहीतरी बदलण्याइतकी मोकळीक असावी. पण हा माझा अंदाज झाला. एवढं मात्र नक्की, की माहिती कुठे कामाला येते आणि कुठे फाइलीत पडून राहते, हे ती कुणाच्या हातात पडते आणि त्याला किती वाव असतो यावर ठरतं.

शिक्षकांनी एकत्र बसून मुलांच्या चुका बघितल्या आणि उपाय ठरवले तर हा वाव मिळू शकतो का, हा मुद्दा इथेच येतो. त्याचा मला सर्वांत पटलेला अभ्यास दक्षिण कॅलिफोर्नियातला आहे. विल्यम सॉन्डर्स, क्लॉड गोल्डनबर्ग आणि रोनाल्ड गॅलिमोर यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच शहरी शिक्षण जिल्ह्यातल्या गरीब वस्त्यांमधल्या ९ प्राथमिक शाळा एकीकडे, तशाच ६ शाळा तुलनेला. पाच वर्षं पाठपुरावा.

पहिली दोन वर्षं फक्त मुख्याध्यापकांना प्रशिक्षण दिलं. शिक्षकांचे गट कसे बसवायचे, मुलांच्या कामावर चर्चा कशी घडवायची, सगळं शिकवलं. मुख्याध्यापक शाळेत गेले आणि रोजच्या गडबडीत गुंतले. दोन वर्षांनी दोन्हीकडच्या शाळांच्या निकालात फरक नव्हता. मग संशोधकांनी रचना बदलली. शिक्षकांतूनच गटप्रमुख तयार केले, एका इयत्तेला शिकवणाऱ्यांची बैठक वेळापत्रकात पक्की केली आणि बैठकीत कशानंतर काय करायचं याचा लेखी क्रम हाती दिला. पुढच्या तीन वर्षांत या ९ शाळा प्रमाणित चाचण्यांत बाकीच्या ६ शाळांच्या स्पष्टपणे पुढे गेल्या.

तो क्रम अगदी साधा आहे. सगळ्यांच्या वर्गात दिसणारी एकच अडचण निवडायची. ती मुलांच्या वह्यांमध्ये नेमकी कशी दिसते ते बघायचं. एक उपाय ठरवायचा, त्याची तयारी तिथेच मिळून करायची. प्रत्येकाने तो आपापल्या वर्गात करून बघायचा. पुढच्या बैठकीला पुन्हा वह्या घेऊन यायचं. आणि सुधारणा दिसेपर्यंत विषय बदलायचा नाही. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण शाळांत दर महिन्याला नवा विषय येतो आणि मागचा न संपताच मागे पडतो.

या गटांमध्ये आणखी एक बदल टिपला गेला. सुरुवातीला शिक्षक मुलांच्या अपयशाचं कारण घर, गरिबी, पालकांचं शिक्षण यांत शोधायचे. एकच अडचण महिनोन्‌महिने धरून ठेवल्यावर, आणि उपाय बदलताच मुलांची उत्तरं बदलताना डोळ्यांनी पाहिल्यावर, त्यांची भाषा बदलली. ते आपल्या शिकवण्याकडे बोट दाखवू लागले. असा विश्वास भाषणांनी येत नाही, आणि एकट्याने काम करताना तर मुळीच येत नाही. आपल्या वर्गातलं बदललेलं उत्तर योगायोगाचं असेल असं वाटतं. पण शेजारच्या वर्गातही तेच घडलं की मग शंका उरत नाही.

आपल्या जिल्हा परिषद शाळांत अडचण अशी, की एका इयत्तेचे चार शिक्षक एका छताखाली नसतात. कायद्याच्या निकषाप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे द्विशिक्षकी शाळेत एकेका गुरुजींकडे किंवा बाईंकडे दोन-तीन इयत्ता. तिथे गट कुणाशी करायचा?

उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र असतं, त्याला केंद्रप्रमुख असतात, आणि महिन्यातून एकदा शिक्षण परिषद भरते. तिसरी-चौथीला शिकवणारे दहा-बारा जण त्या दिवशी एका खोलीत येतात. कॅलिफोर्नियात ज्यासाठी दोन वर्षं खटपट करावी लागली तो साचा इथे तयार आहे. पण परिषदेचा वेळ सूचना ऐकण्यात, माहिती कुठल्या तारखेपर्यंत भरायची हे लिहून घेण्यात आणि व्याख्यानात निघून जातो, ही तक्रार शिक्षक मंडळींकडून वारंवार ऐकू येते. हरियाणातल्या प्रयोगात तालुक्यासारख्या विकासगटाच्या पातळीवरचे साधनव्यक्ती आधी स्वतः पंधरा-वीस दिवस शाळेत जाऊन मुलांना त्या पद्धतीने शिकवत होते, मगच ते शिक्षकांना मार्गदर्शन करायचे. त्यामुळे बैठकीत बोलायला त्यांच्याकडे कालची मुलं असायची.

यात एक मोठा धोकाही आहे. मध्य प्रदेशात सरकारी चाचण्यांत मुलांनी दिलेली उत्तरं अभिजित सिंग यांनी तपासली. तेच प्रश्न काही आठवड्यांनी त्याच मुलांना स्वतंत्रपणे विचारले, तेव्हा निकाल सरकारी नोंदींच्या कितीतरी खाली आला. शिक्षक वाईट होते असा अर्थ मी काढणार नाही. आपण लिहिलेला आकडा वर जाणार आणि त्यावरून आपल्याला जाब विचारला जाणार, हे माहीत असलं की आकडा फुगतो. आणि फुगलेल्या आकड्यावरून कुणाला गठ्ठ्यांपासून शिकवायचं ते कळत नाही.

म्हणून मला वाटतं, एखाद्या जिल्ह्याने हे एक वर्ष करून बघावं. परिषदेचा पहिला दीड तास फक्त वह्यांसाठी ठेवावा. प्रत्येकाने चुकलेल्या वजाबाक्या असलेल्या पाच वह्या आणाव्यात, हुशार मुलांच्या नकोत. कुठे २६ आले, कुठे २४ आले याच्या नोंदी केंद्रातच राहाव्यात; त्या कुठल्याही पोर्टलवर भरायच्या नाहीत, कुठल्याही तपासणीत मागायच्या नाहीत. सुधारणा झाली की नाही हे मोजायचं काम वर्षअखेरीस बाहेरच्या कुणीतरी, शाळांची नावं न लिहिता करावं. त्या दीड तासासाठी भरायच्या माहितीतले दोन-तीन तक्ते कमी करावे लागतील, आणि कुठले करायचे हे त्या शिक्षकांनाच विचारावं.