शेवटची ओळ दोनदा का येते: सीमधील फाइल-शोधामागची पार्श्वभूमी

फाइलमध्ये दिलेला शब्द शोधून त्या त्या ओळी क्रमांकासह छापणे, हा सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्याचा ठरलेला स्वाध्याय. फाइल उघडणारे एफओपन(), ओळ वाचणारे एफगेट्स(), ओळीत शब्द शोधणारे स्ट्रस्ट्र() आणि छापणारे प्रिंटएफ() एवढ्या फंक्शनांत काम भागते. तरीही पहिल्या प्रयत्नात शेवटची ओळ दोनदा छापली जाते, नाहीतर डोळ्यांना दिसणारा शब्द प्रोग्रामला सापडत नाही. यातल्या बऱ्याच चुकांची मुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या निर्णयांत आहेत.

इनपुट-आउटपुट हा सी भाषेचा भाग नव्हताच. ते काम लायब्ररीवर सोपवलेले होते. आज शिकवतात त्या लायब्ररीचे रूप १९७९ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीसोबत पसरले. स्ट्रस्ट्र() मात्र त्यात नव्हते. ओळीच्या आत शब्द शोधायला जो तो आपापले दुहेरी लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा कोड) लिहीत असे. १९७७ मध्ये शोधाचे दोन वेगवान अल्गोरिदम प्रसिद्ध झाले होते. असे अल्गोरिदम लायब्ररी लिहिणाऱ्याला आत बसवता यावेत म्हणून सीच्या १९८९ च्या प्रमाणकात, म्हणजे अधिकृत नियमावलीत, ती ठरवणाऱ्या समितीने स्ट्रस्ट्र() स्वतःहून घातले. वेगाची हमी मात्र प्रमाणक देत नाही.

खरा वाद एफईओएफ()चा, म्हणजे फाइल संपली का हे सांगणाऱ्या फंक्शनचा. त्या काळात अनेक जण पास्कल ही भाषा शिकून सीकडे येत. पास्कलमध्ये 'फाइल संपली का' हा प्रश्न वाचण्याआधी विचारायचा असतो, कारण तिथे पुढचे अक्षर आधीच डोकावून पाहिलेले असते. सीने उलटे ठरवले. फाइल संपल्याचा फ्लॅग (खूण) वाचण्याचा प्रयत्न शेवटाला जाऊन धडकला की मगच उभा राहतो. याला कारण होते. इनपुट कीबोर्डवरून येत असेल तर पुढे डोकावणे म्हणजे वापरणाऱ्याने काही टाइप करेपर्यंत ताटकळणे. प्रश्न पडद्यावर यायच्या आतच प्रोग्राम उत्तराची वाट पाहू लागतो. पास्कलच्या कंपायलरांना यासाठी पुढे वेगळी पळवाट काढावी लागली. म्हणजे सीचा निर्णय बरोबरच होता. पण नाव असे ठेवले की कोणीही ते पास्कलसारखेच वाचावे, आणि पाठ्यपुस्तकांनी 'एफईओएफ() खोटे आहे तोवर फिरा' हा लूप पिढ्यान्‌पिढ्या छापला.

या लूपमध्ये शेवटची ओळ वाचून झाली तरी फ्लॅग खालीच असतो, म्हणून लूप आणखी एकदा फिरतो. या वेळी एफगेट्स() नल, म्हणजे 'काही मिळाले नाही', परत करते आणि बफरला (वाचलेली ओळ ठेवायच्या जागेला) हात लावत नाही. आधीची ओळ तिथे तशीच असते, स्ट्रस्ट्र()ला ती पुन्हा सापडते, पुन्हा छापली जाते. फाइलच्या अगदी शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) नसेल तर मात्र शेवटची ओळ वाचतानाच फ्लॅग उभा राहतो आणि उत्तर बरोबर येते. नोटपॅड शेवटी न्यूलाइन घालत नाही, युनिक्स-लिनक्सवरचा व्हीआय हा एडिटर घालतो. म्हणून घरी चाललेला प्रोग्राम लिनक्सच्या लॅबमध्ये चुकतो. उपाय एकच: लूपची अट एफगेट्स()च्या परतीच्या मूल्यावर ठेवायची. एफईओएफ() आणि वाचताना चूक झाली का हे सांगणारे एफएरर() लूप संपल्यावर, तो का थांबला हे विचारण्यापुरते.

अक्षर-अक्षर वाचणाऱ्यांची अडचण याच घरातली. ईओएफ हे फाइलमधले अक्षर नाही, एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटसी()ने शेवट झाल्यावर परत केलेली ऋण संख्या आहे, बहुधा -१. म्हणून ती इंटमध्येच (पूर्णांकाच्या प्रकारात) ठेवावी लागते. कॅरमध्ये (एका बाइटाच्या प्रकारात) ठेवली तर जिथे कॅर चिन्हांकित, म्हणजे ऋण मूल्येही घेणारा, असतो तिथे २५५ मूल्याचा बाइट आला की वाचन मध्येच थांबते. जिथे तो अचिन्हांकित असतो, उदाहरणार्थ एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये, तिथे लूप कधीच थांबत नाही.

ओळ वाचणाऱ्या जुन्या गेट्स() फंक्शनची कथा तुलनेने सरळ आहे. त्याला बफरचा आकार सांगताच येत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या वर्मने (स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) याचाच फायदा घेतला: ५१२ बाइटांच्या बफरमध्ये ५३६ बाइट. तरी वर्षभराने आलेल्या प्रमाणकात हे फंक्शन राहिले, जुना कोड मोडू नये म्हणून. ते काढायला २०११ उजाडले. ते सोडून एफगेट्स()कडे वळणाऱ्याला एक फरक नडतो: गेट्स() न्यूलाइन टाकून देते, एफगेट्स() ठेवते. स्ट्रस्ट्र()चे त्याने अडत नाही, पण पूर्ण ओळ स्ट्रसीएमपी()ने ताडून पाहिली तर त्या न्यूलाइनमुळे जुळत नाही. ठेवलेली न्यूलाइन उपयोगाचीही आहे. ती बफरमध्ये नसेल आणि फाइल संपलेली नसेल, तर ओळ अर्धीच आली आहे. ८० च्या बफरमध्ये ७९ बाइटच मावतात. शब्द त्या सीमेवर तुटला तर सापडत नाही, शिवाय ओळींची मोजणी वाढते. कितीही लांब ओळ घेणारे गेटलाइन() २००८ पासून पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या यंत्रणांच्या प्रमाणकात) आहे, सीच्या प्रमाणकात अजून नाही.

फाइल टेक्स्ट म्हणून उघडायची की जशीच्या तशी, बायनरी म्हणून, हा भेद युनिक्सला नको होता; तो इतर यंत्रणांसाठी आला. सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम फाइलची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांत मोजे, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते कंट्रोल-झेडने दाखवत. तो वारसा डॉसमधून विंडोजपर्यंत आला: टेक्स्ट मोडमध्ये २६ मूल्याचा बाइट (तोच कंट्रोल-झेड) दिसला की वाचन संपते, पुढे कितीही मजकूर असो. आपल्याकडे कॉलेजांत वर्षानुवर्षे टर्बो सी (डॉसवरचा जुना कंपायलर) चालले, त्यामुळे त्यातल्या दोन खोड्या मराठी विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या. 'सी:\न्यू\टेक्स्ट' अशा पाथमधली एकेरी तिरकी रेघ (\) इंग्रजी एन आणि टी अक्षरांआधी आली की न्यूलाइन आणि टॅब होते, आणि एफओपन() नल देते. दुसरी, तिथला इंट १६ बिटांचा, म्हणून ओळ क्रमांक ३२,७६७ नंतर ऋण होतो.

मराठी मजकुरावर स्ट्रस्ट्र() चालते. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) एका अक्षराचे बाइट दुसऱ्याच्या मधोमध चुकून जुळत नाहीत. पण देवनागरीचा प्रत्येक संकेत (युनिकोडमधला क्रमांक) ३ बाइटांचा, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजायचे. २५६ च्या बफरमध्ये जेमतेम ८५ संकेत मावतात. 'ऱ्हास' मधला ऱ एका संकेताने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोनांनी. दिसायला सारखे, बाइट वेगळे, शोध रिकामा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फाइलीत तर देवनागरीचे संकेतच नसतात. अशा वेळी ओळीतले बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) छापून पाहावेत: एकसंध ऱ असेल तर ई० ए४ बी१, फोडलेला असेल तर ई० ए४ बी० ई० ए४ बीसी.