कुत्र्या-मांजरांचा मधुमेह आणि सिरिंजवरचा आकडा

कुत्रा सारखं पाणी पितोय, बाहेर जायची सवय असून घरातच लघवी करतोय आणि भरपूर खाऊनही वाळत चाललाय, तर त्याची रक्तातली आणि लघवीतली साखर लगेच तपासून घ्या. मुंबईच्या उकाड्यात जास्त पाणी पिणं साहजिक वाटतं आणि त्यात आठवडे निघून जातात.

स्वादुपिंडात पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या अधेमधे वेगळ्या पेशींची छोटी बेटं असतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन. इन्सुलिन रक्तातली साखर स्नायूंना आणि चरबीला पोचवतं; ग्लुकागॉन यकृतातली साठवण रक्तात सोडतं. इन्सुलिन कमी पडलं की साखर साचते. कुत्र्यात साधारण 180 ते 220 आणि मांजरात 250 ते 300 मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. तहान लागते ती यामुळे.

कुत्र्यांत बहुधा बीटा पेशीच नष्ट झालेल्या असतात, म्हणून इन्सुलिन आयुष्यभर लागतं. डोळ्यांत मोतीबिंदूही फार लवकर वाढतो. नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, त्याने स्तनग्रंथींतून वाढीचं संप्रेरक स्रवतं आणि ते इन्सुलिनचा परिणाम होऊ देत नाही. तिची नसबंदी हा उपचाराचाच भाग आहे, ती लांबवू नका.

मांजराचं वेगळं. तिथे लठ्ठपणा मुख्य, आणि इन्सुलिन असूनही ते पुरेसं लागू पडत नाही. सुरुवातीलाच इन्सुलिन मिळालं, पिष्टमय अन्न कमी झालं आणि वजन हळूहळू उतरलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण बंद होतं. बोंबील-भातातला भात म्हणून कमी करायचा. मात्र लठ्ठ मांजराला उपाशी ठेवू नका. त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. आणखी एक: पिंजऱ्यात घालून रिक्षाने आणलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने 300च्या वर जाऊ शकते. एका आकड्यावर निदान करू नये. फ्रुक्टोसामाइनची चाचणी मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखवते, ती करून घ्यावी.

आता खरी जोखमीची गोष्ट. इथे अनेकदा माणसांचंच इन्सुलिन लिहून दिलं जातं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट असतात, काहींत आणि पेनमध्ये 100. सिरिंजही दोन प्रकारच्या: 40ची लाल टोपणाची, 100ची नारिंगी. दहा किलोच्या कुत्र्याला सुरुवातीला किलोमागे 0.25 ते 0.5 युनिट, दर बारा तासांनी, म्हणजे समजा 4 युनिट. 100च्या बाटलीतून 40च्या सिरिंजने 4च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात 10 युनिट. घरातल्या आजोबांचं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये असेल, तर ही चूक सहज होते. बाटली आणि सिरिंज, दोन्हींवरचा आकडा दर वेळी वाचा. ढगाळ इन्सुलिनची बाटली तळहातांत हळुवार फिरवा. ती बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवू नका. आधी खाणं, मग सुई. जनावराने खाल्लं नाही, तर डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा.

चार दिवस चढी राहिलेली साखर सहसा सावरता येते, पण खूप घसरलेली काही तासांत जीव घेते. म्हणून घरच्या ग्लुकोमीटरवर एकदा आकडा मोठा आला, की स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. मात्र तोंडात आंबट फळासारखा वास येत असेल, उलट्या होत असतील आणि खाणं सुटलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साखर 60च्या खाली गेली की पाय लडखडतात, अंग थरथरतं, झटके येतात. इन्सुलिन न घेणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यात हे वारंवार दिसलं, तर स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या गाठीची शंका घ्यावी. धडधाकट कुत्र्यात एकाएकी दिसलं, तर त्याने शुगर-फ्री च्युइंगगम खाल्लं का ते पाहा. त्यातल्या झायलिटॉल या गोड पदार्थाने कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन भसाभस सुटतं. साखर अशी घसरलेली दिसली की हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोज पावडरची पेस्ट चोळा. झटका चालू असताना तोंडात बोटं घालू नका, पाणी ओतू नका. शुद्ध आली की थोडं खाऊ घालून थेट दवाखान्यात न्या, कारण टोचलेलं इन्सुलिन तासन्‌तास काम करत राहतं आणि साखर पुन्हा खाली येते.