१९२.१६८.१.१ आला कुठून?

नाशकात गंगापूर रोडवरचा नवा टॉवर घ्या की सिडकोतलं रो-हाऊस, राउटर उलटा केला की स्टिकरवर बहुधा तोच आकडा दिसतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. एका गल्लीत शंभर घरांचा पत्ता एकच, तरी शेजाऱ्याचे मेसेज आपल्याकडे येत नाहीत. राउटरच्या सेटिंगच्या पानावरचे निम्मे रकाने ज्यातून जन्मले, त्या टंचाईची ही खूण आहे. इंटरनेटवरचे पत्ते संपायला आले होते.

आयपी म्हणजे इंटरनेटवर पत्ते देण्याची आणि माहिती पोचवण्याची पद्धत. आज चालू असलेल्या तिच्या आवृत्ती ४ चा आराखडा सप्टेंबर १९८१ मधला. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेव्हा जाळ्यावर होत्या त्या मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आणि संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा. त्यामुळे पत्ते सढळ हाताने वाटले गेले. एकट्या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा आख्खा गठ्ठा होता! घरोघरी चार फोन, टीव्ही आणि कॅमेरे येतील हे कुणाच्या डोक्यात असणार?

नव्वदीत हिशेब जुळेना. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी ‘नॅट’ची, म्हणजे आतल्या अनेक उपकरणांनी बाहेरचा एकच पत्ता वापरण्याची, कल्पना कागदावर मांडली, तीही तात्पुरता उपाय म्हणून. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने तीन पट्टे खासगी वापरासाठी कायमचे बाजूला काढले. १० ने सुरू होणारे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. हे कुणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना किंमत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यासारखंच हे. पालिकेच्या लेखी घर क्रमांक एक, आत बिऱ्हाडं दहा, आणि कोणतं पत्र कुणाचं हे दिंडीदरवाजावर बसणाऱ्याला ठाऊक. राउटर ही नोंद पोर्ट क्रमांकावरून, म्हणजे प्रत्येक जोडणीला दिलेल्या आकड्यावरून, ठेवतो. आतल्याने बाहेर मागणी केली तर उत्तर बरोबर त्याच्याकडे येतं; अनोळखी कुणी बाहेरून आला तर त्याला दारातूनच परत पाठवलं जातं. त्याला मुद्दाम आत घ्यायचं असेल तर लागते ती सेटिंग म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. आतल्या बिऱ्हाडांना पत्ते वाटण्याचं काम डीएचसीपीचं. ते १९९३ चं, आणि तिथला ‘लीज टाइम’ म्हणजे दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ती मुदत.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. फोन लावायचा, युजरनेम-पासवर्ड द्यायचा, मग नेट. पुढे जोडणी कायमची झाली तरी ही लॉगिनची सवय सुटली नाही. ग्राहक ओळखायला आणि बिल काढायला कंपन्यांना ती सोयीचीच होती. म्हणून १९९९ मध्ये पीपीपीओई ही कायमच्या जोडणीवर लॉगिन करण्याची पद्धत आली. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, तेव्हा मोडेम रीसेट झाला की व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे जोडणीचे दोन आकडे भरल्याशिवाय नेट उठत नसे. ते दोन आकडे तांब्याच्या तारेबरोबर गेले, पीपीपीओई मात्र फायबरवरही अनेक ठिकाणी चालूच आहे. त्याची खूण एमटीयूच्या, म्हणजे माहितीचं एक पाकीट किती मोठं असावं याच्या रकान्यात दिसते. इथरनेटची मर्यादा १५०० बाइटांची. प्रत्येक पाकिटातले ८ बाइट पीपीपीओई घेतं, उरतात १४९२. काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, अशी तक्रार असेल तर हा आकडा आधी पाहावा.

वायफायच्या पानाचा इतिहास वेगळा, तो थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. इंदिरानगरच्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी वायफाय रखडतं ते बरेचदा याच गर्दीमुळे. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी, पण जाड भिंतीपलीकडे ते नीट पोचत नाही. सुरक्षेच्या यादीत अजून ‘डब्ल्यूईपी’ हे जुनं कुलूप दिसलं तर त्याला हात लावू नये, ते २००१ मध्येच फुटलं. डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्डाऐवजी आकडे टाकून वायफाय जोडायच्या सोयीचं, पिन तर बंदच करावं. आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे १० कोटींऐवजी ११ हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ च्या डिसेंबरात उघड झालं.

त्याच वर्षी, ३ फेब्रुवारीला, पत्त्यांचा जागतिक साठा संपला होता. मग कंपन्यांनी नॅटवर आणखी एक नॅट चढवलं आणि एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटला. यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा वेगळा पट्टा दिला गेला. एखाद्या दुकानदाराने डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, बसवला, पोर्ट फॉरवर्डिंग नीट केलं, तरी घरून मोबाइलवर कॅमेरा दिसत नाही. अशा वेळी राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, पाहावा. तो वरच्या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर दुकानातल्या राउटरमध्ये कितीही खटपट करून उपयोग नाही, दुसरा दरवाजा कंपनीच्या हातात आहे. मग पैसे मोजून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा बाहेरचा पत्ता, घ्यायचा, नाहीतर क्यूआर कोड स्कॅन करून उत्पादकाच्या सर्व्हरमार्फत कॅमेरा पाहायचा. बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात. आपल्या दुकानाचं चित्र परक्या सर्व्हरवरून फिरून येतं, हे त्यातल्या किती जणांच्या ध्यानात असतं कोण जाणे.

खरा उपाय १२८ बिटांच्या पत्त्यांचा, आयपीव्ही६, म्हणजे आयपीची आवृत्ती ६. त्याचा पहिला आरएफसी दस्तऐवज डिसेंबर १९९५ चा, म्हणजे घरगुती पट्ट्यांच्या त्या दस्तऐवजाहूनही जुना. भारतात ते फोफावलं २०१६ नंतर, ४जी मोबाइलच्या जोरावर. घरच्या राउटरमध्ये मात्र आयपीव्ही६ चा रकाना अनेकदा बंदच सापडतो. कंपनी देत असेल तर तो चालू करून पाहायला हरकत नाही, फक्त राउटरचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी व्यवस्था, चालू आहे ना, ते आधी बघावं. तिथे नॅटचा आडोसा नसतो.