सपोर्ट डायव्हर प्रशिक्षण: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज परत येण्याची कारणे

टेक्निकल डायव्हरला, म्हणजे नेहमीच्या हौशी मर्यादेपलीकडे खोल जाणाऱ्या डायव्हरला, वर येताना शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलीवर थांबावेच लागते. त्या थांब्यावर त्याला गाठून गॅस किती उरला आहे हे तपासणे, लागल्यास जादा सिलिंडर देणे आणि त्याची स्थिती बोटीवर कळवणे हे सपोर्ट डायव्हरचे काम असते. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरपेक्षा खोल वापरला तर पाण्यातच आकडी येऊ शकते, त्यामुळे चुकीचा सिलिंडर हाती देणारा मदतनीस जीवघेणा ठरतो. म्हणूनच या अर्जांची छाननी कडक असते.

वयाची अट बहुधा 18 वर्षे पूर्ण अशी असते. त्याखेरीज रेस्क्यू डायव्हर (पाण्यातील बचावाचे प्रशिक्षण) व नायट्रॉक्सची (ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा वापरण्याची) प्रमाणपत्रे साधारणपणे मागितली जातात. नेमक्या अटी प्रशिक्षण संस्थेकडून लेखी घ्याव्यात. ओळखपत्र, छायाचित्रे व शुल्क यांत सहसा अडचण येत नाही.

अडते ते लॉगबुकपाशी, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीपाशी. पैठण, नांदेडकडची गोदावरीत किंवा विहिरीत पोहून तयार झालेली मुले पाण्याला घाबरत नाहीत, पण त्या पोहण्याची नोंद येथे चालत नाही. तारीख, ठिकाण, खोली, कालावधी आणि प्रशिक्षकाची किंवा सोबतच्या डायव्हरची सही असलेले डाइव्हच ग्राह्य धरले जातात. मराठवाड्याला समुद्र नसल्याने हे डाइव्ह तारकर्ली, गोवा किंवा अंदमानात होतात, आणि सही राहिली तर त्या एका सहीसाठी पुन्हा एवढा प्रवास करावा लागतो. सही त्याच दिवशी, बोटीवरून उतरताच घ्यावी.

दुसरी अडचण वैद्यकीय अर्जाची. पोलीस भरतीसाठी काढलेले फिटनेस प्रमाणपत्र अनेकजण जोडतात आणि ते परत येते, कारण डायव्हिंगसाठी स्वतंत्र प्रश्नावली आहे. तिच्या पहिल्या पानावर 10 प्रश्न असतात. त्यांपैकी 3, 5 किंवा 10 या क्रमांकाला 'होय' असेल, उदाहरणार्थ वर्षभरात शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांची तपासणी व सही अनिवार्य ठरते; इतर 'होय' पुढच्या पानावरील प्रश्नांकडे नेतात. अर्ज अडू नये म्हणून लहानपणचा दमा लपवून सगळीकडे 'नाही' लिहू नका, ही कळकळीची विनंती आहे. दमा असणाऱ्याच्या फुप्फुसात वर येताना हवा अडकू शकते, आणि मग वाचवायला दोघे होतात.

तिसरी चूक मुदतीची. पॅडी या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या रेस्क्यू डायव्हर अभ्यासक्रमासाठी प्रथमोपचार व सीपीआरचे (छाती दाबून व श्वास देऊन जीव वाचवण्याचे) प्रशिक्षण मागील 24 महिन्यांतले लागते. ही मुदत मूळ प्रशिक्षणाच्या तारखेपासून मोजली जाते, प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. एवढी साधी गोष्ट माहितीपत्रकात ठळक छापायला कोणाची हरकत असावी, हे कळत नाही.

परतीचे तिकीट काढतानाही सावध राहावे, कारण डाइव्हनंतर लगेच हवेचा दाब घटला तर शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. अनेक डाइव्हनंतर विमानप्रवासासाठी किमान 18 तासांचे अंतर सांगितले जाते, आणि कोकणातून घाट चढून मराठवाड्याच्या पठारावर येतानाही हवेचा दाब घटतो. त्यामुळे शेवटचा दिवस पाण्याबाहेर काढता येईल अशीच रजा मागावी.